जुनी डिझेल जीप स्टार्ट होईना: सेल्फ आणि पंप उतरवण्याआधी काय बघायचं

गगनबावड्याकडं शेती असलेल्या एका दादांचा प्रश्न आहे. गाडी महिंद्राची जुनी जीप एमएम ५४०, डिझेल, फोर बाय फोर. पावसानं जोर धरला तशी शेडमध्ये लावली, ती गणपती उठल्यावर बाहेर काढायला गेले. चावी फिरवली की कधी नुसताच 'टक' आवाज, कधी सेल्फ (स्टार्टर मोटर) जड जड फिरतो आणि बसतो. नवीन बॅटरी आणून टाकली, फरक काहीच नाही. मग शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरून केबल जोडल्या. लाल जीपच्या बॅटरीच्या प्लसला, काळी थेट इंजिनच्या लोखंडाला. सेल्फ झकास फिरला, पण इंजिन काही पकडेना आणि सायलेन्सरमधून धुराची रेघसुद्धा नाही. गावातले मिस्त्री म्हणाले, सेल्फ पण उतरवूया, नोझलना डिझेल देणारा पंप पण उतरवूया. दादा विचारतात, करू का खर्च?

आत्ता दोन्हींतलं काहीच उतरवू नका. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या जीपांचंच काम करतो, आणि पावसाळा संपला की राधानगरी, गगनबावडा, आंबा या पट्ट्यातून अशाच तक्रारीच्या गाड्या टोचन लावून येतात. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचा सेल्फही चांगला असतो आणि पंपही.

दादा, तुम्ही एक बिघाड शोधताय आणि गाडीत दोन आहेत. सेल्फ जड फिरणं हा एक. सेल्फ चांगला फिरूनही इंजिन न पकडणं हा दुसरा. पहिला करंटचा, दुसरा डिझेलचा. दोन्ही एकत्र धरले की डोकं चालेनासं होतं आणि माणूस एकेक पार्ट बदलत सुटतो. वेगळे केले तर तुम्ही लिहिलेल्या चार ओळींतच निम्मं निदान आहे.

ट्रॅक्टरची केबल लावलीत तेव्हा एक चांगली टेस्ट आपोआप झाली. लाल चिमटा बॅटरीच्या प्लसवर होता, म्हणजे तिथून सेल्फपर्यंत करंट तुमच्याच जुन्या जाड वायरीतून गेला. ती वायर खराब असती तर ट्रॅक्टर लावूनही सेल्फ जडच फिरला असता. काळा चिमटा मात्र इंजिनवर होता. म्हणजे परतीचा करंट तुमच्या अर्थिंगच्या पट्टीतून (चासी आणि इंजिन जोडणाऱ्या तांब्याच्या पट्टीतून) न जाता परस्पर ट्रॅक्टरकडं गेला, आणि सेल्फ लगेच फिरला. माझा पहिला संशय म्हणून अर्थिंगवर. सेल्फ आतून गेला असता तर तो ट्रॅक्टरलाही दाद देत नाही.

तरी हा अजून संशयच आहे. ट्रॅक्टरच्या बॅटरीनं जादा ताकद दिली हेही खरं, त्यामुळं तुमची नवीन बॅटरीच अर्धी भरलेली असेल तरी हेच दिसेल. दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिलेली किंवा ॲसिड भरून चार्ज न करताच दिलेली बॅटरी नवीन असूनही अशक्त असते. पेट्रोल मोटारीची ३५ एएचची छोटी बॅटरी कुणी स्वस्तात गळ्यात मारली असेल तर डिझेल इंजिन फिरवताना ती पण मान टाकते. म्हणून आधी मोजायचं आणि मगच हात घालायचा.

मोजायच्याही आधी एक विचारतो. शेडमध्ये पाणी शिरलं होतं का? तुमच्या डोंगराकडं पुरापेक्षा ओहोळाचं पाणी शिरतं, पण २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर शिरोळ, करवीरकडच्या गाड्यांत जे बघितलं त्यावरून हे आधी विचारल्याशिवाय मला राहवत नाही. पाणी चाकाच्या तुंब्याच्या वर गेलं असेल तर सेल्फ अजिबात मारू नका. ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं किंवा पातळी एकदम वाढलेली असली तर आत पाणी आहे. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अशी गाडी ढकलूनही स्टार्ट करायची नाही. तुम्ही ट्रॅक्टर लावून इंजिन मोकळं फिरवलंय आणि ठोका आला नाही, त्यामुळं बहुतेक ही भानगड नसावी. तरी पट्टी बघाच.

आता अर्थिंग. जीपचं इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसलेलं असतं, म्हणजे चासीपासून ते विजेच्या दृष्टीनं जवळजवळ वेगळंच असतं. बॅटरीचा मायनस चासीला किंवा बॉडीला, आणि तिथून इंजिनपर्यंत तांब्याच्या विणीची एक चपटी पट्टी. सेल्फचा सगळा करंट या पट्टीतून परत येतो. तीन महिने दमट हवा, त्यात शेतातला चिखल, शेणखताचा वास. ही पट्टी हिरवी पडते, तिचे धागे तुटतात आणि लगच्या, म्हणजे टोकाच्या कडीच्या, खाली गंजाचा पापुद्रा बसतो. वरून बोल्ट घट्टच लागतो, म्हणून कुणी तिकडं बघत नाही.

लोक मला म्हणतात, मालक, लाईट तर फुल लागतात, मग करंट नाही कसा? तर दोन हेडलाइट मिळून जेमतेम १० अँपिअर घेतात, आणि डिझेल जीपचा सेल्फ जोर लावताना २०० ते ३०० अँपिअर ओढतो. गंजामुळं वाटेत फक्त ०.०१ ओहमचा अडथळा आला तर हेडलाइटला ०.१ व्होल्ट कमी पडतो, डोळ्यांना कळतही नाही. तोच अडथळा सेल्फच्या वेळी दोन-तीन व्होल्ट खाऊन टाकतो. विहिरीवर मोटार साडेसातची असली आणि पाइपात गाळ बसलेला असला तर वाफ्यात पाणी किती येणार, तसंच हे आहे. म्हणून मल्टिमीटर ओहमवर लावून पट्टी तपासली तर ती चांगलीच दाखवतो, एवढा बारीक अडथळा साध्या मीटरला दिसत नाही. करंट वाहत असतानाच मोजायला लागतं.

ते असं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. इंजिन बंद करायची स्टॉपची केबल ओढून अडकवून ठेवा, म्हणजे मध्येच इंजिन चालू होणार नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर. आधी काहीही न चालवता बॅटरीच्या दोन्ही टोकांवर बघा: १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली असेल तर पुढचं सगळं सोडा आणि रात्रभर चार्जिंगला लावा. मग घरातल्या कुणाला तरी चावी मारायला बसवा आणि सेल्फ फिरत असताना बॅटरीवरच वाचा. १० च्या वर राहिली तर बॅटरी ठीक. साडेनऊच्या खाली आपटली तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ फारच ओढतोय.

बॅटरी ठीक निघाली की मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिश्याच्या खुंटावर ठेवा. क्लॅम्पवर नको, खुंटावरच, कारण क्लॅम्प आणि खुंटाच्या मध्येच पांढरी पावडर साचून अडथळा झालेला असू शकतो. दुसरं टोक इंजिनच्या घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर. परत सेल्फ मारायला सांगा. मीटर ०.२, फार तर ०.३ दाखवतो, तेवढं चालतं. एक-दीड व्होल्ट दिसला तर चोर सापडला. मग इंजिनवरचं टोक चासीवर आणा. आकडा तेवढाच राहिला तर दोष बॅटरी ते चासी या भागात, एकदम कमी झाला तर चासी ते इंजिनच्या पट्टीत. प्लसच्या बाजूलाही हेच करायचं: बॅटरीचा खुंट आणि सेल्फचा जाड बोल्ट, तिथं अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

सेल्फ एका वेळी १० सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. आतलं वाइंडिंग तापून जळतं, आणि मग नसलेला खर्च खरोखरच अंगावर येतो.

पट्टी खराब निघाली तर आधी बॅटरीचा मायनस काढून ठेवा, मग पट्टी पूर्ण खोला. लग, वॉशर, बोल्टची बैठक, सगळं पॉलिशपेपरनं चकचकीत लोखंड आणि तांबं दिसेपर्यंत घासा. रंगावर लग बसवू नका. गाडीला नवीन रंग मारल्यानंतर सेल्फ जड झाला अशा तक्रारी येतात त्या याचमुळं. बसवून घट्ट केल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन. धागे तुटलेले असतील तर पट्टी नवीनच घाला. पावसाच्या पट्ट्यातल्या प्रत्येक जीपला मी एक जादा जाड वायर देतो, बॅटरीच्या मायनसपासून थेट सेल्फच्या माउंटिंग बोल्टापर्यंत. चासीवर विसंबायचं कामच उरत नाही.

एवढं करूनही 'टक' राहिला, म्हणजे सेल्फच्या जाड बोल्टावर पूर्ण व्होल्टेज येतंय आणि तरी तो फिरत नाही, तर सेल्फ उतरवा. त्यात कार्बन (ब्रश) झिजलेले असतात, बुश गेलेला असतो किंवा सोलेनॉइडचे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्याचे, कॉन्टॅक्ट जळलेले असतात. नुसत्या कार्बनसाठी अख्खा सेल्फ बदलायची गरज नसते. आणि एक कळकळीनं सांगतो: सेल्फचे दोन बोल्ट स्क्रू ड्रायव्हरनं जोडून गाडी फिरवायची सवय आपल्याकडं सर्रास आहे. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती जागच्या जागी उडी मारते आणि माणूस चाक आणि भिंतीच्या मध्ये सापडतो. करू नका.

सेल्फ सणसणीत फिरायला लागला की दुसऱ्या बिघाडाकडं वळायचं. इथं धूर तुम्हाला सगळं सांगतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा वीसेक पट दाबली की तापते आणि तिच्यात डिझेल फवारलं की पेटतं. डिझेल आत जातंय पण पेटत नाही तेव्हा सायलेन्सरमधून पांढरा, डोळे चुरचुरणारा धूर येतो. तुमच्याकडं धूरच नाही. म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. हीटर (इंजिन आतून तापवणारे प्लग), कॉम्प्रेशन, टायमिंग हे सगळं आत्ता बाजूला ठेवा, ते धूर दिसल्यानंतरचे विषय आहेत. डिझेल कुठं अडलंय एवढंच शोधायचं.

सगळ्यात आधी स्टॉप केबल. फुकटचं काम आहे आणि कुणी बघत नाही. डॅशबोर्डचा नॉब आत ढकलला म्हणजे केबल परत गेली असं आपण धरून चालतो. पावसाळ्यात केबल म्यानात गंजते, नॉब आत जातो पण पंपावरचा खटका स्टॉपलाच राहतो. बॉनेट उघडून हातानं तो खटका 'रन'च्या बाजूला पूर्ण ढकला आणि सेल्फ मारा. अशी नुसती केबल सोडवून चालू झालेली गाडी मालक स्वतः चालवत घरी घेऊन जातो. तुमच्या पंपावर केबलऐवजी विजेचा सोलेनॉइड असेल तर चावी ऑन करून त्याची वायर काढा, परत टेकवा. टेकवताना बारीक 'टिक' ऐकू आला पाहिजे. नाही आला तर आधी वायरीत करंट येतोय का बघा. उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, शेडमध्ये भाताचं पिंजर असेल तर हमखास.

दुसरं, पाणी. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली की आत दव धरतं आणि पाणी तळाला बसतं. डिझेल फिल्टरच्या खालचा ड्रेन सैल करून पहिलं अर्धा लिटर पारदर्शक बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं न हलवता ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. मधल्या रेषेवर काळपट शेवाळासारखं काही लोंबत असेल तर टाकीच साफ करायला लागेल, नुसता फिल्टर बदलून भागणार नाही. पाणी पंपात शिरलं की आतले घासून बसवलेले भाग गंजून अडकतात. पंपाचा खरा घात तिथं होतो.

तिसरी एअर, म्हणजे डिझेलच्या लाईनीत शिरलेली हवा, आणि माझा सगळ्यात जास्त संशय हिच्यावरच आहे. टाकी आणि पंपाच्या मध्ये कुठंतरी रबरी नळीला बारीक चीर गेली किंवा तांब्याचा वॉशर चेपला की गाडी चालताना काही जाणवत नाही. तीच गाडी उभी राहिली की डिझेल हळूहळू टाकीकडं परत उतरतं आणि जागा हवा घेते. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करा आणि डिझेल लाईनवरचा हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड डिझेल. हातपंप मारतानाच स्क्रू आवळा. मग पंपाच्या इनलेटच्या बॅन्जोला (पोकळ बोल्टाच्या जोडाला) तसंच. हातपंप कडक होत गेला तर लाईन भरली. कितीही मारला तरी पोकळच राहिला तर टाकीकडून हवा ओढतोय किंवा हातपंपाचा वॉल्व्ह गेलाय. ओळखायला सोपी युक्ती: हातपंपाच्या इनलेटला टाकीच्या नळीऐवजी दुसरी नळी लावून ती स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवा. कॅनवर लाईन भरली आणि टाकीवर भरत नाही, तर दोष टाकी ते हातपंपामध्ये.

इनलेटपर्यंत डिझेल आलं की पंपाकडून नोझलकडं (डिझेल फवारणाऱ्या तोटीकडं) जाणाऱ्या दोन पाइपांचे नट एकेक आटा सैल करून सेल्फ मारा. पाइपाच्या तोंडाशी डिझेल ठोक्याठोक्यानं उडायला पाहिजे. हात आणि तोंड लांब ठेवा, चष्मा घाला. दाबाचं डिझेल कातडीत घुसतं आणि बाहेरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो, पण ते सरळ दवाखान्याचं काम आहे. हे वाचणाऱ्यांत कुणाची गाडी कॉमन रेलची असेल, म्हणजे नंतरची सीआरडीई थार किंवा तसलं काही, तर त्यांनी हा नट सैल करायचा विचारही करू नये. तिथं दाब १,००० बारच्या वर जातो.

ठोके येतायत, नट आवळले आणि आता पांढरा धूर दिसतोय पण इंजिन पकडत नाही, तर हीटर बघा. हे मात्र तुमच्या बॉनेटखाली कुठलं इंजिन आहे त्यावर आहे. एमएम ५४० ला मुळात प्यूजोच्या बनावटीचं २११२ सीसीचं एक्सडीपी इंजिन यायचं. त्यात डिझेल आधी छोट्या चेंबरमध्ये पडतं, म्हणून थंडीत हीटर प्लगशिवाय ते नखरे करतं. पण या गाड्यांत नंतर डीआय, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं, इंजिन बसवलेलंही पुष्कळ वेळा सापडतं, आणि त्याला आपल्याकडच्या हवेत हीटरची फारशी गरज लागत नाही. हीटर असतील तर आधी टेस्ट लॅम्पनं त्यांच्यापर्यंत करंट येतो का ते बघा, मग प्लगना जोडणारी पट्टी काढून एकेक प्लग मीटरवर तपासा. चांगला प्लग साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही.

पेट्रोलचा बोळा किंवा स्टार्टिंग स्प्रे एअर फिल्टरशी धरायचा सल्ला कुणीतरी देईलच. हीटर लाल झालेले असताना ती वाफ वेळेआधी भडकते, पिस्टन फुटतो, कधी बोळा धरणाऱ्याचा चेहरा भाजतो. एअर फिल्टर उघडायचाच असेल तर उंदरानं आत घर केलंय का ते बघायला उघडा.

ट्रॅक्टर परत लावायची वेळ आली तर शेवटचा काळा चिमटा असाच इंजिनवर लावा, बॅटरीपासून लांब, म्हणजे बॅटरीच्या गॅसपाशी ठिणगी पडणार नाही. मात्र उसाच्या ट्रकवरून किंवा टिपरवरून केबल लावू नका. त्या बहुतेक २४ व्होल्टच्या असतात.

म्हणजे क्रम असा ठेवा: ऑइलची पट्टी, बॅटरीचा आकडा, अर्थिंगचा आकडा, मग स्टॉपचा खटका, फिल्टरचं पाणी, एअर, नोझलचे ठोके, आणि धूर दिसल्यावरच हीटर. एका निवांत सकाळीत होतं, आणि मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, रिंग पाने, पॉलिशपेपर आणि चष्मा सोडून फारसं काही लागत नाही.

इनलेटला अखंड डिझेल आहे, खटका 'रन'ला आहे, सेल्फ जोरात फिरतोय आणि तरीही चारही पाइप कोरडे, असं झालं तरच पंप उतरवायचा. त्या वेळी मिस्त्रींना सांगा, पंपाच्या फ्लँजवर आणि समोरच्या लोखंडावर छिन्नीनं एकच सरळ खूण मारून मग बोल्ट सोडा, पाइपांना एक ते चार नंबर बांधा आणि उघडी तोंडं स्वच्छ टोप्यांनी बंद करा. पंप गॅरेजमध्ये न उघडता पंपाचं टेस्ट बेंच असलेल्या दुकानातच द्या, आणि देताना बाटलीतलं ते डिझेलही सोबत न्या. तळाला पाणी दिसलं की त्यांना आत काय बघायचं ते लगेच कळतं.